दुसरं ताट

तुम्ही काय करता असं कोणी विचारलं की बेबाबाई सरळ सांगायच्या, "मी लोकांच्या विहिणींना शिव्या देते." विचारणारा गोंधळला की त्यांना भारी आनंद व्हायचा. मग सावकाश खुलासा करायच्या. लग्न लागल्यावर वरमायांची पंगत बसते. मुलीकडच्या बायका त्यांना आग्रह करकरून वाढतात आणि वाढता वाढता गाण्यातून त्यांची टर उडवतात. ती गाणी मी रचते, मीच म्हणते आणि त्यासाठी लोक मला लांबून बोलावतात.

आमच्या खानदेशात ही रीत कोणाला नवी नाही. तिचा धंदा मात्र तोवर कोणी केलेला मी पाहिला नव्हता. तो बेबाबाईंना करायला लावला मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही, आणि वय झाल्यावर माणसं स्वतःचा वाटा हळूच पुसून टाकतात ते मला आवडत नाही.

असोद्याला मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. अंगणवाडी आमच्याच आवारात होती आणि बेबाबाई तिथे मदतनीस. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे अहिराणी त्यांच्या तोंडात होती. सासर असोद्याचं, म्हणून इकडची बोलीही त्यांनी उचलली होती. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हा मुलगी पुनम चार वर्षांची होती. तिला वाढवताना बाईंनी जे हाताला लागलं ते केलं. केळीच्या शेडवर फण्या धुतल्या, खोकी भरली. दिवसभर पाण्यात हात, बोटांची सालं निघायची. तिथे कामाला वेग यावा म्हणून त्या मुकादमावर कवनं जोडायच्या. मुकादम झुलाल मोठा खवट माणूस, पण आपल्यावर आज काय जोडलंय ते ऐकायला खोक्यांच्या आडोशाला येऊन उभा राहायचा.

ते ऐकून जळगावच्या एका साडीवाल्याने त्यांना सेलची जाहिरात करायला रिक्षात बसवलं. दोन दिवाळ्या त्या भोंगा लावून जळगावभर फिरल्या. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, कुठे थांबलं की माणूस मान वळवतो, हे त्या तिथे शिकल्या. ब्लाउज शिवत, तेही गावातल्या निम्म्या बायकांचे. आणि अंगणवाडीच्या सर्व्हेला गेल्या की कुठल्याही उंबऱ्यावर बसून पाच मिनिटांत त्या घरातलं सगळं काढून घेत. वर त्यांची आई माहेरी लग्नात गाणारी होती. जुन्या चालीची गाणी सगळी पाठ.

माझ्या एका भाचीच्या लग्नात मी त्यांना हौसेने नेलं. दोन तास त्यांनी मांडव हलवला. मी बघत बसले आणि मला वाटलं, या बाईने आपलं आयुष्य पाच ठिकाणी पाच तुकड्यांत टाकून दिलंय. हे एकत्र केलं तर केवढं होईल. मी तेव्हा निवृत्तीला आले होते. हातात वेळ होता आणि दुसऱ्याचं भलं करायची खुमखुमी होती. कार्ड छापलं. 'बेबाबाई आणि मंडळी, पंगतीची गाणी, दोन्ही बोलींत.' ढोलकीला रूपा नावाची त्यांची शेडवरची मैत्रीण, मागे म्हणायला आणखी दोघी. फोन माझा.

आणि एक कागद केला. यावर माझा फार जीव होता. जुन्या गाण्यांतली विहीण ठरलेली असते. ती माळ्यावर चढून लाडू खाते, बांगडीवाल्याबरोबर पळून जाते, सगळं खोटं. मला वाटलं, प्रत्येक लग्नाला त्या त्या विहिणीवर गाणं पाहिजे. म्हणून मी मुलीकडच्यांना विचारायचे प्रश्न काढले. विहीणबाईंना कशाची भीती वाटते, खायला काय आवडतं, घरात घोरतं कोण, मामांचे दात खरे की बसवलेले. उत्तरं मी फोनवर लिहून घ्यायची आणि बेबाबाईंनी गाणं जोडायचं.

पहिल्याच वेळी त्या कागदाकडे बघून म्हणाल्या होत्या, "मॅडम, मन्ही माय म्हने, पंगतना गाणामा खोटंच म्हनानं. खरं मनले लागस."

मी म्हटलं, "अहो, बारीकसारीक तर आहे सगळं. पालीला घाबरण्यात कसली लाज?"

त्या हसल्या. मॅडम शिकलेल्या, मॅडमला कळतं, असं त्यांचं कायम होतं. मलाही ते तेव्हा बरं वाटायचं.

गाणी उचलली गेली. रावेरला एका वरमायेने हसता हसता माइक हिसकावून उलट गाणं म्हटलं. दोन हंगाम तारखा पुरेनात. बेबाबाईंनी स्वतः शिवलेले एकसारखे ब्लाउज मंडळींना घातले, स्वतःचा माइक घेतला, आणि एक दिवस अंगणवाडीचा राजीनामा लिहून द्या म्हणून माझ्याकडे आल्या. "पन्नासाव्वा वरीसले मले समजनं, मी काय शे ते," असं म्हणाल्या. मी सुवाच्य अक्षरात राजीनामा लिहून दिला.

पुढचं सगळं घडलं ते एप्रिलमधलं लग्न पहूरचं होतं. नवरी जीवरामभाऊंची मुलगी नूतन. मुलगा दीपक, धुळ्याच्याही पुढचा. इतक्या लांब सोयरीक, एकमेकांची फारशी माहिती नाही. कागदाची उत्तरं द्यायला नूतनची मामी शेवंताबाई फोनवर आली. मोठी बोलकी बाई. म्हणाली, "घर पाहायला गेलो तेव्हा मी मुक्काम केला ना तिथं. विहीन भिकुबाई दोन दोन ताटं जेवते, मॅडम. आधी सगळ्यांसोबत जेवली. एक ताट वाढून चुलीजवळ झाकून ठेवलं होतं, म्हटलं नैवेद्य असेल. संध्याकाळी पाहते तर दाराआड बसून एकटी तेच ताट खाऊ राहिली."

मला हसू आवरेना. एवढं चांगलं कधी मिळालं नव्हतं. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. ते ताट झाकून का ठेवलं, दाराआड का खाल्लं, हे विचारावं असं मनात आलं नाही. बावीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारत होते.

लग्न दुपारचं लागलं. वरमायांची पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, गंगाफळाची भाजी. भिकुबाई मधोमध बसलेली, बारीक अंगाची, नव्या नऊवारीत अवघडलेली बाई. पालीचं, मामांच्या घोरण्याचं झालं, ती पदर तोंडाला लावून हसत होती. मग बेबाबाईंनी रूपाला खूण केली, ढोलकी थांबली आणि अगदी हळू आवाजात त्यांनी उचललं:

"याहीन बाई जेवाले बठनी, ताट वाढं पुरं,
चुल्हाजोडे झाकी ठेवं ताट आखो दुसरं.
पहिलं ताट पोटनं, दुसरं ताट कोनं?
सांग ना वं याहीन माय, दुसरं ताट कोनं?"

मांडव हशाने फुटला. मागच्या दोघींनी 'दुसरं ताट कोणाचं' ही शेवटची ओळ धरली, मग मुलीकडच्या सगळ्या बायकांनी धरली. पोरं मोबाइल काढून उभी राहिली. दुसरं ताट कोनं, दुसरं ताट कोनं. बेबाबाई गात गात भिकुबाईच्या पुढे गेल्या, वाकल्या आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. हे त्या नेहमी करत. विहीण लाजते, काहीतरी पुटपुटते आणि हशा होतो.

भिकुबाई हसत नव्हती. तिचा हात ताटात तसाच राहिला होता. तिने माइककडे पाहिलं, मग बेबाबाईंकडे पाहिलं. शाळेत विचारल्यावर मूल खरं उत्तर देतं तसं तिने दिलं.

"मन्हा मोठा पोऱ्यानं शे ते ताट. चंदननं."

माइक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं.

मागच्या बायका एक ओळ तशाच पुढे गेल्या, मग थांबल्या. भिकुबाई वाढलेल्या ताटावरून उठली, हात न धुता बाहेर गेली. तिकडून जीवरामभाऊ येत होते. मोठा पोऱ्या कोणता? आपल्याला तर दीपक एकुलता सांगितला होता. मुलाचे वडील मोतीलालनाना खाली मान घालून उभे. मग बाचाबाची झाली आणि तीत सगळं बाहेर आलं.

थोरला चंदन आठ वर्षांपूर्वी पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला. जेवताना बापाने काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते नानांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. पोरगा अर्ध्या जेवणावरून उठला आणि सुरतेच्या गाडीत बसला. नंतर फोन नाही, पत्ता नाही. सुरतेला दोनदा शोधून आले. पुढे दीपकसाठी मुली पाहायला लागले तेव्हा हरवलेल्या भावाचं ऐकलं की स्थळं परत जायची, जमिनीचा वाटा कोणाचा असं लोक विचारायचे. म्हणून नानांनी ठरवलं की चंदन नाहीच म्हणायचं. आईनेही मान डोलावली. फक्त ताट वाढायचं सोडलं नाही. दुपारी वाढून झाकायची, संध्याकाळपर्यंत वाट पाहायची आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून स्वतः खायची.

लग्न मोडलं नाही, लागूनच गेलं होतं. पण नूतनची पाठवणी झाली तेव्हा सासू तिच्याशी एक शब्द बोलली नाही आणि बाप जावयाशी बोलला नाही. बेबाबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. माइक अजून हातात. मी तो घेऊन बंद केला.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुष्कळ होतं. नूतनचा चुलतभाऊ पियुष, त्याने मोबाइलवर घेतलेलं गाणं दुसऱ्या दिवशी सगळीकडे टाकलं. गाणं तेवढं. भिकुबाईचं उत्तर त्याने कापलं, बहुधा चांगल्या मनाने. लोकांना त्यात एक खादाड विहीण दिसली आणि लोक पोट धरून हसले. माझा फोन वाजायचा थांबेना. जामनेर, पारोळा, शिरपूर. "ते दोन ताटांचं गाणं म्हणायचं बरं का, मॅडम." जून संपेस्तोवर दिवाळीनंतरच्या तारखा लोक मागू लागले होते.

बेबाबाईंनी एकही तारीख घेतली नाही. मी रूपाला घेऊन त्यांच्या घरी जात राहिले. दुसरी गाणी म्हणा, जुनी म्हणा, लाडवाची म्हणा. त्या पहिली ओळ उचलायच्या आणि मध्येच थांबायच्या. "मॅडम, ती मन्हा समोर बठेल दिसस. ताटमा हात ठीसन." अंगणवाडीत त्यांच्या जागी दुसरी बाई लागली होती. आषाढात त्या पुन्हा केळीच्या शेडवर गेल्या. तोच झुलाल, आता म्हातारा. त्याने पहिल्या दिवशी म्हटलं, काही म्हण ना बाई. त्यांनी फणी पाण्यात बुडवली आणि दुसरी उचलली. तो खोक्यांच्या आडोशाला थोडा वेळ थांबून निघून गेला, असं रूपाने सांगितलं.

मला राहवेना. माझ्या डोक्यात मास्तरकी अजून होतीच. चूक झाली, माफी मागावी, मन मोकळं होईल, आवाज परत येईल, असा माझा हिशेब. गणपती उठल्यावर मी बेबाबाईंना जवळजवळ ओढून बसमध्ये बसवलं. एरंडोल, पारोळा, धुळे, आणि तिथून दुसरी गाडी. त्या वाटभर खिडकीबाहेर कपाशीकडे बघत होत्या. मी एकटीच बोलत होते.

दार नूतनने उघडलं. पाच महिन्यांत पोरगी वाळली होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा पडला, पण आत या म्हणाली. भिकुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने ओळखलं. उठली नाही, बसा अशी हाताने खूण केली.

बेबाबाई तिच्या पायांशी जमिनीवर बसल्या. काय बोलायचं ते मी बसमध्ये पढवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मले माहीत नव्हतं, माय."

"तुम्हले कसं माहीत ऱ्हाई," भिकुबाई म्हणाली. शेंगा फोडणं चालूच. "राग नही शे मले. गाणं ते गाणं."

मी मध्ये पडले. म्हटलं, "आम्हाला फार वाईट वाटतं. तुम्ही तुमचं ताट वाढत राहा. कोणी हसलं तरी हसू द्या."

"आते नही वाढत मी," ती म्हणाली.

मला समजलं नाही. नूतन दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, लग्नाच्या दिवसापासून बंद आहे. एकदा नूतननेच तसं ताट वाढून चुलीजवळ झाकलं. तिला वाटलं सासूबाईंना बरं वाटेल. भिकुबाईने ते उघडून पाहिलं आणि गाईपुढे ठेवायला सांगितलं.

"आठ वरीस वाढं," भिकुबाई म्हणाली. आवाज साधा होता, कोणाला दोष देत असल्यासारखा नव्हता. "कोनी इचारं नही, कोनं शे. घरना मानसं इचारेत नही, मी बी सोताले इचारं नही. वाढू आनि झाकू. तो कोठे तरी जेवी ऱ्हायना व्हई, असं वाटे. तुम्ही इचारं. मंग मले सांगनं पडनं. सांगता सांगता मन्हा कानले आयकू उनं, का तो आते नही शे."

बेबाबाईंच्या तोंडातून एक आवाज आला. रडणं नव्हतं ते. मी उभीच होते. माझा प्रश्नांचा कागद, त्याखालच्या दोन रेघा, माझं सुवाच्य अक्षर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माफीसाठी आणलेलं लुगडं माझ्या पिशवीत तसंच राहिलं.

थोड्या वेळाने भिकुबाईने शेंगांचं सूप बाजूला केलं आणि नूतनला म्हणाली, "यासले जेवाले वाढ. लांबथीन येल शेत."

नको नको म्हणायची सोय नव्हती. मला पितळेचं ताट आलं. बेबाबाईंची थाळी भिकुबाईने स्वतः फळीवरून काढली, पदराने पुसली. जाड काठाची, स्टीलची, काठावर नाव कोरलेलं. बेबाबाईंना तेवढी अक्षरं वाचता येत होती. त्यांनी हात मागे घेतला.

"ल्या," भिकुबाई म्हणाली. "रिकामी पडेल ऱ्हास. भांडं वापरामा जोयजे."

कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. बेबाबाईंनी घास केला. त्या लहान लहान तुकडे मोडत, डाळीत फिरवत बसल्या. भिकुबाई समोर येऊन बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. ती बेबाबाईंच्या तोंडाकडे पाहत नव्हती, त्यांच्या हाताकडे पाहत होती.

"तो असा सावकाश नही जेवे," ती म्हणाली. "त्याले घाई ऱ्हाये."

बेबाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी अर्धी भाकरी एकदम मोडली आणि भराभर जेवू लागल्या.